दाढ काढायची घाई करू नकोस

धुळे

प्रिय मित्रा,

परवा फोनवर म्हणालास, "कापसाचे पैसे आले की दाढ उपटून टाकतो, कटकट मिटली." तेव्हापासून जिवाला चैन नाही. फोनवर तू मला बोलू देत नाहीस, म्हणून हे पत्र.

माझंही असंच झालं होतं. डॉक्टरांनी आरशात दाढेवरचा ज्वारीच्या दाण्याएवढा काळा डाग दाखवला. "आत्ताच भरून घ्या, सातशेत होईल." दुखत तर नव्हतं, म्हटलं दिवाळीनंतर बघू. दाताच्या वरच्या कवचात नस नसते, म्हणून कीड आत खोल जाईपर्यंत कळ येत नाही. पुढच्या पावसाळ्यात एका रात्री गाल टम्म सुजला. लवंगेच्या तेलात भिजवलेला कापसाचा बोळा दाढेत दाबून पहाटेपर्यंत ओट्यावर बसून रात्र काढली. आई सारखी विचारायची, "भू दुखस का रे?" तेलाने घटकाभर बधिर होतं, कीड मात्र आत तशीच राहते. शेवटी रूट कॅनाल, वर कॅप, साडेसात हजार गेले. तेही उसने घेऊन.

तुझी दाढ वाचण्यासारखी आहे, असं तुझेच डॉक्टर म्हणालेत. मग काढतोस कशाला? दाढ गेली की शेजारचे दात त्या फटीकडे कलतात, समोरच्या जबड्यातली दाढ हळूहळू बाहेर सरकते. पुढे तिथे खोटा दात, म्हणजे ब्रिज किंवा इम्प्लांट, बसवायचं म्हटलं, तर आजच्याहून मोठा आकडा ऐकावा लागेल.

पैशांचं म्हणशील, तर इथे धुळ्यात डेंटल कॉलेज आहे. विद्यार्थी प्राध्यापकांच्या देखरेखीखाली काम करतात. वेळ जास्त लागतो, खेपा जास्त होतात, पण खर्च खाजगी दवाखान्यापेक्षा बराच कमी. तुमच्याकडच्या सरकारी दवाखान्यातही आधी चौकशी कर. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार मोफत आहेत. तिथे दातांचे डॉक्टर बसतात का, कोणत्या वारी बसतात, एवढं विचारून ये.

आणि पोरीचं तोंड बघ. तिला सहावं लागलंय ना? या वयात दुधाच्या दाढांच्या मागे नवी दाढ येते. तिच्यासाठी कुठलाच दात पडत नाही, म्हणून घरच्यांना तीही दुधाचीच वाटते. ती कायमची आहे रे! तिच्यावर खाचा बुजवणारं सीलंट लावून मिळतं. रात्री फ्लोराइडची पेस्ट वाटाण्याएवढीच दे, घासल्यावर थुंकू दे, खळखळून चूळ नको. दिवसभर बिस्किटं चघळायची सवय तेवढी मोड. गोड द्यायचंच तर जेवणाबरोबर दे.

काकूंची मिसरी अजून चालू आहे का? माझ्या आईने तव्यावर तंबाखू भाजून चाळीस वर्षं लावली. हिरड्या सुटल्या, समोरचे दात हलून हलून गेले. आता दादर ज्वारीची भाकरी दुधात कुस्करून खाते. काकूंच्या तोंडात पांढरा चट्टा किंवा दोन आठवड्यांत न भरलेली जखम दिसली, तर एक दिवसही थांबू नकोस.

केसपेपर सकाळी लवकर काढावा लागतो, तेव्हा सोमवारी रात्रीच मुक्कामाला ये, पोरीलाही आण. मंगळवारी मी सुट्टी टाकतो, कॉलेजात आपण बरोबरच जाऊ. असलाच तर जुना एक्स-रे घेऊन ये. वांगी आणून ठेवतो, भरताला काही चावावं लागत नाही.

वहिनींना आणि काकूंना नमस्कार.

तुझाच