अण्णा, भिंगरी अजून आमच्याकडेच आहे

तीर्थस्वरूप अण्णांस,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या-आमच्या घरामध्ये कमरेएवढी एक भिंत, तरी हे पत्र लिहितेय आणि सगळ्यांना वाचायला ठेवतेय. गेल्या पावसाळ्यात आमची कुत्री मला चावली तेव्हा तुम्ही जे केलंत, त्याचा समोर विषय काढला की तुम्ही "असू दे की तंगी, त्यात काय" म्हणून चहाची कपबशी उचलता. (तंगी म्हणजे कन्नडमध्ये धाकटी बहीण.) मला ते असू द्यायचं नाही. शिवाय पाऊस सुरू झालाय. इथे बेळगावात वडगावला, शहापुरात, येळ्ळूर रोडला कुणाच्या ना कुणाच्या पायरीवर आत्ता एखादं भिजलेलं कुत्रं येऊन बसलं असेल. त्या घरच्यांच्याही हे वाचनात यावं.

भिंगरीही अशीच आली. मिरगाचा पाऊस, मागाच्या खोलीचं दार उघडं, आणि ही ओलीचिंब होऊन बॉबिनच्या पाटीशेजारी बसलेली. झोपायच्या आधी चार-पाच वेळा स्वतःभोवती फिरायची, म्हणून धाकट्यानं नाव ठेवलं भिंगरी. आठ दिवसांत ती घरची झाली. निदान आम्हाला तसं वाटलं. तिचा कान तुम्ही पहिल्याच दिवशी बघितला होता. "नसबंदी केलेल्या कुत्र्याच्या कानाचं टोक कापलेलं असतं, हिचं तसं नाही. म्हणजे रेबीजचं इंजेक्शनही झालं नसणार. आधी ते करून घ्या." आम्ही हो म्हटलं. ऑर्डरच्या साड्या होत्या, मग पाऊस होता, मग शाळा सुरू झाली. सहा आठवडे गेले.

आखाडातला शेवटचा रविवार. घरी मटण, पाहुणे, माग बंद. कुणीतरी भिंगरीला हाड टाकलं आणि ते घेऊन ती खाटेखाली गेली. धाकट्याची खेळण्यातली मोटार तिच्याच बाजूला गडगडली. तो वाकला, हात आत घातला. मी समोर होते म्हणून मला दिसलं. ती हाड चघळायची थांबली, मान हाडावर धरली, सगळं अंग ताठ, आणि डोळ्याच्या कडेचा पांढरा भाग दिसायला लागला. आवाज अजिबात नाही. मी माझा हात मध्ये घातला आणि ती चावली. मनगटाच्या वर चार दात, दोन खोल.

सासूबाई हळद आणि तिखट घेऊन धावत आल्या. त्यांचा दोष नाही, त्यांच्या आईनं त्यांना तेच शिकवलेलं. पण हे वाईट वाटतंच. ज्या गावात देवीची लस तयार व्हायची, ज्या गावात व्हॅक्सिन डेपोच्या मैदानावर आपण रोज फिरायला जातो, तिथे कुत्र्याच्या चाव्यावर अजून तिखट भरतात.

गोंगाट ऐकून तुम्ही भिंत ओलांडून आलात. वय अडुसष्ट, गुडघ्याचं दुखणं, तरीही. सासूबाईंच्या हातातली वाटी बाजूला ठेवलीत आणि मला मोरीतल्या नळाखाली नेलंत. कपड्याचा साबण, वाहतं पाणी, आणि तुमचं ते जुनं घड्याळ. पाच मिनिटांनी मी हात काढायला लागले तर म्हणालात, "पंधरा म्हणजे पंधरा." लाळेतून रेबीजचे विषाणू आत जातात, साबणानं ते बरेचसे तिथेच मरतात, हे तुम्ही मला त्या पंधरा मिनिटांत सांगितलंत. पट्टी बांधू दिली नाहीत. मग स्कूटरवर मागे बसवून कपिलेश्वरच्या पुलावरून सिव्हिलला. जखमेतून रक्त आलेलं, म्हणून तिथे जखमेच्या भोवती रेबीजविरोधी सीरम टोचलं आणि दोन्ही दंडांवर लस. कागदावर चार तारखा लिहून दिल्या: आजची, मग तिसरा, सातवा आणि अठ्ठाविसावा दिवस. पुढच्या तिन्ही दिवशी तुम्ही सकाळी आठला दारात हजर. सातव्या दिवशी मी म्हटलं, आता बरं वाटतंय, पुढचं राहू दे. तुम्ही रागावलात. आयुष्यात पहिल्यांदा तुमचा राग बघितला. "रेबीज एकदा अंगात दिसायला लागला की पुढे औषध नाही. दिसायला आठवडे लागतात, कधी महिने. बरं वाटण्यावर जाऊ नकोस."

पण मला आभार मानायचेत ते त्याच्या पुढच्या गोष्टीसाठी.

त्या संध्याकाळी आमच्या ओट्यावर अर्धी गल्ली जमली होती. पोत्यात घालून जांबोटीच्या जंगलात सोडा, असं एकजण म्हणाला. दुसऱ्यानं त्याहून वाईट सुचवलं. ह्यांचंही मन तिकडेच झुकत होतं, आणि खरं सांगते, माझंही. धाकट्याचा चेहरा त्या खाटेखाली किती जवळ होता ते मी बघितलं होतं. तुम्ही कुणाशी वाद घातला नाहीत. एवढंच म्हणालात की कुत्रं दहा दिवस डोळ्यांसमोर राहिलं पाहिजे. चावताना लाळेत रेबीज असेल तर दहा दिवसांत ते आजारी पडून मरतं. सोडून दिलं तर कळणार कसं? आणि तिकडे ते आणखी कुणाला चावलं तर? "लस चालूच राहील, कुत्र्याची वाट बघत थांबायचं नाही. पण कुत्रंही इथेच राहील." तुमच्या परड्यातल्या रिकाम्या गोठ्यात तिला बांधलंत. जनावरांच्या दवाखान्यात आयुष्यभर कंपाउंडर म्हणून काढलेल्या माणसाला ते सोपं असेल, पण रोज दोन वेळा तिला लांबून खाणं सरकवून "बा मरी, बा" म्हणत बसणं ही नोकरी नव्हती. (कन्नडमध्ये बा म्हणजे ये, मरी म्हणजे पिल्लू. धाकटा आता तिला तसंच बोलावतो.)

चौथ्या-पाचव्या दिवशी तुम्ही ह्यांना विचारलंत, "चावायच्या आधी कधी गुरगुरायची काय?"

हे गप्प झाले. गुरगुरायची. दोन आठवड्यांपूर्वी ताटलीजवळ कुणी गेलं की गुरगुरायची. ह्यांनी दोनदा चपलेनं मारलं होतं, "घरच्यांवर गुरगुरतीस?" म्हणून. मग ती गुरगुरायची बंद झाली आणि आम्हाला वाटलं सुधारली.

"ते तिचं बोलणं होतं," तुम्ही म्हणालात. "लांब व्हा, असं सांगत होती. तोंडानं सांगायचं बंद केलंत, आता दातानं सांगितलं."

अण्णा, हे वाक्य ह्यांच्या मनातून अजून गेलेलं नाही. आता ती गुरगुरली की घरात सगळे जागच्या जागी थांबतात आणि मागे सरतात. धाकटासुद्धा.

दहा दिवस गेले, भिंगरी खात-पीत होती. तिला रेबीजचं इंजेक्शन दिलंत आणि मग तिचा डावा कान उघडून दाखवलात. आत काळपट घाण, वास, नुसतं बोट लागलं तरी ती कळवळायची. सहा आठवडे आम्ही त्याच कानाच्या मागे प्रेमानं खाजवत होतो. मागाच्या खडखडाटात तिला पावलं ऐकू येत नाहीत, त्यात कान दुखतोय, त्यात मागून कुणीतरी अंगावर हात ठेवतंय. ती दचकत का होती ते तेव्हा कळलं. जनावरांच्या डॉक्टरांनी थेंब दिले, तीन आठवड्यांत कान बरा झाला. पुढे नसबंदीही झाली.

तुम्ही घालून दिलेले नियम भिंतीवर खडूनं लिहिलेत. खाणं दाराआडच्या कोपऱ्यात, तिथे कुणी जायचं नाही. झोपेत हात लावायचा नाही, समोरून हाक मारायची. तिच्या तोंडातलं काही हवं असेल तर ओढायचं नाही, त्याहून चांगलं काहीतरी पुढे करायचं. हाड घरात नाही. आणि मूल व कुत्रं एका खोलीत असतील तर मोठं माणूस तिथे पाहिजेच, पाच मिनिटांसाठीसुद्धा.

मुसकं घालायची मला लाज वाटत होती. मळणीच्या बैलाला घालतात तसं, लोक काय म्हणतील. तुम्ही जाळीचं आणलंत, त्यात तिला तोंड उघडून धापा टाकता येतात, पाणीही पिता येतं. आत दहीभात लावून आठवडाभर नुसतं पुढे धरायचं, बांधायचं नाही. सातव्या दिवशी तिनं स्वतःहून तोंड आत घातलं. दिवाळीत, शिवजयंतीच्या चित्ररथांच्या रात्री, पाहुणे आले की आता मुसकं किंवा आतली खोली.

एक दिवस मी तुम्हाला विचारलं होतं, आता ही चावणार नाही ना? तुम्ही नाही म्हणाला असतात तर मला खूप बरं वाटलं असतं. तुम्ही म्हणालात, "तसं मी लिहून देणार नाही. रस्त्यावर तिनं काय सोसलंय ते तुला-मला माहीत नाही. झेपत नसेल तर सांग, लहान मूल नसलेलं घर बघू. त्यात पाप नाही." मी रात्रभर विचार केला. दुसऱ्या दिवशी ठेवायची असं ठरवलं, ते या उत्तरामुळे. खोटा धीर दिला असतात तर मी नियम आठवड्यात विसरले असते, आणि पुढचा चावा धाकट्याच्या तोंडाला असता.

माझ्या हातावर दोन पांढरे डाग राहिलेत. भिंगरी आत्ता मागाखाली झोपलीय, हे लिहीत असताना दोनदा उठून फिरून पुन्हा बसली.

श्रावणात तिच्या इंजेक्शनला वर्ष होतंय. मुसकं मी घालीन, रिक्षाही मीच बोलावीन. तुम्ही फक्त बरोबर चला, तुमचा आवाज असला की ती सुई टोचून घेते.

तुमची तंगी,
वडगाव, बेळगाव