चि. मुक्तास पत्र

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

मॉर्मन चर्चमधल्या तुझ्या बाप्तिस्म्याची तारीख ठरल्याचं तू फोनवर सांगितलंस आणि मी ‘बरं’ म्हणून फोन बाबांच्या हातात दिला. रागावले नव्हते, काही सुचेना. म्हणून लिहायला बसले. लग्नाचा विषय मात्र काढणार नाही.

तू म्हणालीस, “आई, हे चर्च खरं आहे, मला ठाऊक आहे.” कशावरून? तर त्यांचा धर्मग्रंथ, मॉर्मनचं पुस्तक, वाचलंस, प्रार्थना केलीस आणि छातीत ऊब दाटून आली. ती ऊब मी खोटी म्हणत नाही. तिकडे अमेरिकेत, प्रोव्होच्या त्या थंडीत तू तापाने फणफणलीस तेव्हा याच लोकांनी तुला गरम जेवण पोचवलं, ते मी जन्मात विसरणार नाही. पण मन भरून आलं, एवढ्यावरून त्यांच्या संस्थापकाला, जोसेफ स्मिथला, १८२७ साली टेकडीतून सोन्याचे पत्रे मिळाले आणि त्यांवरून हे पुस्तक उतरलं, हे कसं सिद्ध होतं? माईआजीला आळंदीला समाधीपुढे असंच भरून यायचं. तिची ऊब कशाची साक्ष धरायची?

त्या पुस्तकातला मोरोनीचा दहावा अध्याय मीही वाचला. हे खरं का, असं देवाला खऱ्या मनाने विचारा, उत्तर मिळेल. मिळालं तर पुस्तक खरं. नाही मिळालं तर मन पुरेसं खरं नव्हतं, पुन्हा विचारा. यात ‘नाही’ या उत्तराला जागा कुठे आहे, बाळा? त्यांचे दिवंगत ज्येष्ठ नेते बॉइड पॅकर यांनी तर सांगून ठेवलंय की साक्ष देता देताच साक्ष सापडते. महिन्याच्या पहिल्या, उपासाच्या रविवारी चर्चमध्ये उभं राहून ‘मला ठाऊक आहे’ म्हणत राहिलं की कुणालाही ठाऊक असल्यासारखं वाटू लागेल. आणि जिथे पडताळा घेता येतो तिथे काय झालं? जोसेफ स्मिथने जुन्या इजिप्शियन पपायरसवरून भाषांतर केलं म्हणून सांगितलेला त्यांचा आणखी एक ग्रंथ आहे, अब्राहमचा. त्या पपायरसचे तुकडे १९६७ साली चर्चला परत मिळाले. इजिप्तच्या जाणकारांनी वाचले, तर ते मृतांसाठीचे नेहमीचे मंत्र निघाले.

वर्गात शिकवल्यासारखं झालं, राग मानू नकोस. लग्नाचा विषय काढणार नव्हते, पण लग्नं त्यांच्या मंदिरात होतात आणि आम्हाला आत प्रवेश नाही, हे डोक्यातून जात नाही. २०१९ पासून आधी बाहेर साधं लग्न करून लगेच मंदिरात जाता येतं, हेही वाचलं. तरी तुम्ही जे खरं लग्न मानणार, ते त्या दाराआडच ना?

बाबांच्या बायपासच्या वेळी आजीने तुळजापूरचा नवस बोलला होता. फेडून परतताना एसटीत तू तिला विचारलंस, “शेजारच्या कॉटवरच्या काकांच्या घरच्यांनी पण बोलला असेल ना गं?” आठ वर्षांची होतीस. मी डोळे वटारले, पण रात्री बाबांना सांगताना अभिमानाने माझा गळा दाटला. एवढा नेमका प्रश्न मला कधी सुचला नव्हता. तोच तुला शिकवणाऱ्या त्या मिशनरी मुलींना विचार. दुसऱ्या धर्माच्या माणसाला प्रार्थनेत अशीच ऊब जाणवली तर त्याचंही खरं का? काय म्हणतात ते मला कळव. त्यानंतर तू जे ठरवशील त्यावर मी भांडणार नाही. दादालाही गप्प बसवीन.

फक्त लग्नाच्या वेळी आम्हाला बाहेर बसवू नकोस.

तुझी,
आई

ता. क. त्यांच्या नियमाने चहा आता चालणार नाही ना तुला? पार्सलमधला पुडा काढून मेतकूट जास्त घातलंय. थायरॉइडची गोळी उपाशीपोटीच घे, उपासाच्या रविवारीसुद्धा.