विशेषणांची रांग नामापासून लावा

संपादक महोदय,

इंग्रजीत नामाआधी दोन-तीन विशेषणे आली की मत, आकारमान, वय, आकार, रंग, मूळ, द्रव्य, उपयोग अशी यादी मुलांकडून घोकून घेतली जाते. यादी चूक नाही. पण मराठीत 'लाकडी मोठं टेबल' सहज खपते, म्हणून यादी तोंडपाठ असूनही 'वुडन बिग टेबल' लिहिले जाते.

उलट्या बाजूने, म्हणजे नामापासून सुरुवात करावी. जो गुण वस्तूचा प्रकारच ठरवतो तो नामाला चिकटतो. बघणाऱ्याचे मत सर्वांत लांब राहते. 'बॅग' घ्या. झोपण्यासाठीची, म्हणून 'स्लीपिंग बॅग'. सुती असेल तर त्याआधी 'कॉटन', मग 'ब्लू', मग 'ओल्ड', आणि छान वाटली तर अगदी पुढे 'नाइस'. आर्टिकल शेवटी लावावे, कारण ते लगतच्या शब्दाचा उच्चार पाहून ठरते: 'ॲन ओल्ड ब्लू बॅग', पण 'अ नाइस ओल्ड ब्लू बॅग'. (पाच विशेषणांची अशी माळ सरावापुरतीच. एरवी तीनच्या वर गेल्यास उरलेली 'विथ' किंवा 'मेड ऑफ' वापरून नामामागे न्यावीत.)

काही वेळा क्रम बदलला की अर्थच बदलतो. 'अ फ्रेंच इंग्लिश टीचर' हा फ्रान्सचा, इंग्रजी शिकवणारा. 'ॲन इंग्लिश फ्रेंच टीचर' हा इंग्लंडचा, फ्रेंच शिकवणारा.

स्वल्पविरामाचा घोळ वेगळाच. मध्ये 'अँड' घालून किंवा जागा बदलूनही वाक्य नीट वाटले तरच तो द्यावा: 'अ लाँग, टायरिंग जर्नी'. 'बिग अँड रेड बस' कानाला खटकते, म्हणून 'अ बिग रेड बस' स्वल्पविरामाशिवाय. क्रियापदानंतर मात्र 'अँड' लागतोच: 'द बॉक्स वॉज ओल्ड अँड हेवी'.

'बिग बॅड वुल्फ' हा नियमाला धाब्यावर बसवणारा लांडगा. मत आधी हवे, तर 'बॅड बिग' व्हायला हवे होते. 'झिगझॅग'सारखा आधी इ, मग ॲ हा स्वरांचा ठेका तिथे वरचढ ठरला, असे त्याचे एक स्पष्टीकरण दिले जाते.

प्रश्नपत्रिका काढणाऱ्यांना एक विनंती. वय आधी की आकार, यावर व्याकरणाच्या पुस्तकांतच एकमत नाही. तेव्हा 'ओल्ड राउंड टेबल' आणि 'राउंड ओल्ड टेबल' यांपैकी एकाला चूक ठरवून गुण कापू नयेत.

— इंग्रजीचा एक शिक्षक