आई, तुझ्यासाठी नवी उशी पाठवतेय

ती. बाबा आणि ती. आईस,
सा. न. वि. वि.

मुद्द्याचं आधी सांगून टाकते, म्हणजे पुढचं तुम्ही निवांत वाचाल. आईला बसल्यावर दुखतं, म्हणून तिच्यासाठी मी बसायची नवी उशी मागवली आहे, या आठवड्यात घरी येईल. आणि ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंवर उपचार करणाऱ्या एका फिजिओथेरपिस्ट बाईंची वेळ घेतली आहे. न्यायला-आणायला दादा येणार आहे, त्याच्याशी बोलणं झालंय. आधी विचारलं असतं तर आई म्हणाली असती, "राहू दे गं, या वयात चालायचंच," आणि बाबा म्हणाले असते, "एक उशी आहे की घरात." म्हणून ठरवून मोकळी झाले आणि आता कळवतेय. रागावू नका.

बाबा, आता तुमच्याशी. तुम्ही आणलेली मधे भोक असलेली गोल उशी बाजूला ठेवायला सांगतेय, पण तुमचं काही चुकलं असं मनात आणू नका. जिन्यावरून आई घसरली तेव्हापासून आपल्या सगळ्यांच्याच डोक्यात माकडहाड बसलं होतं, डॉक्टरकाकांच्यासुद्धा. शिवाय असलं दुखणं आपल्या घरात कुणी मोठ्याने बोलत नाही. तुम्ही मात्र दुकानात जाऊन विचारलंत, उशी आणलीत, रोज सकाळी तिच्यात हवा भरता. आईने मला हे सांगितलं तेव्हा तिचा आवाज वेगळा झाला होता. ती उशी तिने इतके महिने वापरली ती तुम्ही आणली म्हणून. बरं वाटत नव्हतं तरी वापरली, हेही आता तुम्हाला कळायला हवं.

दुखतं ते मागे नाही, बाबा, पुढे आहे. लघवीच्या आणि शौचाच्या जागेच्या मधल्या भागात. आईला विचारूनच लिहितेय, ती म्हणाली, "तूच लिही, मला सांगता येत नाही." बसलं की आग होते, वाढत जाते. शिवणाच्या मशीनवर पुढे वाकली की जास्त, मागे रेलून बसली की थोडी कमी. उभी राहिली की उतरते, आडवी झाली की जवळजवळ जाते. रात्री त्याने जाग येत नाही. आणि कमोडवर बसताना दुखतच नाही. ही शेवटची गोष्ट तिने सहज सांगितली, पण उशी निवडताना मला सगळ्यात जास्त उपयोग तिचाच झाला.

लहानपणी मी पोट दुखतं म्हणून रडत आले की आई, तू हातातला कपडा बाजूला ठेवायचीस आणि म्हणायचीस, "एका बोटाने दाखव, नेमकं कुठे?" मी बोट ठेवलं की तुझा हात तिथे यायचा आणि अर्धं दुखणं तिथेच थांबायचं. या वेळी मी फोनवर तुला तेच विचारलं. तू किती वेळ गप्प होतीस. मग सांगितलंस. त्या दुपारी मशीनखालच्या चिंध्यांच्या ढिगात झोपणारी मी आठवले आणि तुझ्याजवळ नसल्याचं फार लागलं. असो.

बसल्यावर अंगाचा भार पडायला हवा तो बुडाच्या दोन हाडांवर. बाबा, कडक खुर्चीवर बसून दोन्ही तळवे खाली घालून बघा, दोन टोकं हाताला टोचतील. तीच ती. पोक काढून मागे घसरून बसलं की भार माकडहाडाकडे जातो. पुढे वाकलं की त्या दोन हाडांच्या मधल्या नाजूक भागावर येतो. तिथल्या कातडीची जाणीव आणि स्नायूंची हालचाल सांभाळणारी पुडेंडल नावाची नस, म्हणजे मज्जातंतू, पाठीच्या अगदी खालच्या टोकातून, त्रिकास्थीतून निघते आणि बसायच्या हाडाच्या आतल्या अंगाने एका अरुंद वाटेतून पुढे जाते. ती दाबली गेली, ताणली गेली किंवा आजूबाजूचे स्नायू सतत आवळलेले राहिले, की बसणं नकोसं होतं. या नसेच्या दुखण्यासाठी फ्रान्समधल्या नांत शहरातल्या डॉक्टरांनी निकष घालून दिलेत, २००८ मध्ये ते छापून आले. बसल्यावर वाढणारं दुखणं आणि रात्री त्याने जाग न येणं, हे दोन्ही त्यात आहेत. आईला तेच झालंय असं मी म्हणत नाही. स्त्रीरोगतज्ज्ञांनी तपासून गाठ नाही, संसर्ग नाही, एवढं सांगितलंय. नस की स्नायू, ते फिजिओ बाई आणि डॉक्टर मिळून बघतील. पण भार कुठे पडू द्यायचा नाही हे कळलं, की उशी निवडता येते, आणि तेवढं आपल्याला कळलंय.

आता मी ही विशिष्ट उशी का घेतली ते सांगते, नाहीतर पोरीने दिसली ती उचलून पाठवली असं वाटेल. बाजारात सगळ्यात जास्त दिसते ती मागच्या बाजूला खाच असलेली. ती माकडहाडासाठी असते, हाड त्या खाचेत अधांतरी राहतं. पुढून ती भरीव असते, म्हणजे आईला जिथे दाब नको तिथेच देणार. ती बाद केली. गोल उशीचं म्हणाल तर तिचा पुढचा काठ बरोबर दुखऱ्या भागाखाली येतो. मऊ असल्यामुळे वजनाने ती पसरते आणि मधलं भोक नावापुरतं उरतं. हवा जास्त भरली तर कडा रुततात आणि मधला भाग भोकात ताणून लोंबतो. खूप वेळ बसून राहणाऱ्यांना दाबाने जखमा होऊ नयेत म्हणून ज्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना आहेत, त्यांच्या २०१४ च्या आवृत्तीत गोल कड्यासारखी साधनं वापरू नका असं स्पष्ट म्हटलंय, कारण कडांवर दाब एकवटतो. कमोडची बैठक वेगळी पडते. ती कडक असते, दबत नाही, मधली जागा लांबट असते, त्यामुळे भार मांड्यांवर आणि बुडाच्या बाजूंवर राहतो आणि मधे काहीच टेकत नाही.

म्हणून मी घेतलेल्या उशीला मधोमध, पुढच्या काठापासून मागच्या काठापर्यंत, आरपार खोबण आहे. दोन्ही बाजूंना भरीव फोम आणि मधे मोकळं. बसायची हाडं दोन बाजूंवर टेकतील, मधला भाग सुटा राहील. आई, ही अंगाला लागणार नाही. वरचा कपडा सुती आहे, चेन उघडून धुता येतो, आणि आत पातळ जलरोधक आवरण आहे, त्यामुळे खोकला आला, शिंक आली तरी उशी खराब होईल ही धास्ती नको. रंग गडद निळा घेतलाय, कुणी आलं-गेलं तर साधी उशीच वाटेल. तुला ते नको असतं, मला माहीत आहे.

फोम थोडा कडक निवडलाय. हाताने दाबून मऊ लागतो तो चांगला, असं आपल्याला वाटतं, पण मऊ फोम पाच मिनिटांत तळाला टेकतो आणि मग उशी असून नसल्यासारखी. बाबा, तुम्हाला आवडेल म्हणून सांगते, बाजारात मिळतो तो मेमरी फोम नासाच्या कामातून आलेला आहे, १९६६ मध्ये चार्ल्स योस्ट यांनी विमानातल्या आसनांसाठी तयार केला होता. अंगाच्या उबेने तो मऊ होतो, थंडीत घट्ट होतो. निव्वळ मेमरी फोमची उशी आईला सुरुवातीला छान वाटली असती आणि अर्ध्या तासात खोबण बुजली असती. तुमच्यावर एक काम सोपवते. आई नव्या उशीवर बसली की उशी आणि खुर्ची यांच्या मधे हात सरकवा, तळवा वर. बसायचं हाड बोटांना लगेच लागलं तर उशी चपटी पडतेय, मला सांगा, बदलून घेऊ. दर महिन्याला एकदा बघा, फोम कालांतराने बसतोच.

उशी यायच्या आधी एक करून पाहा. दोन टॉवेल घट्ट घडी करून कडक खुर्चीवर लांबीला ठेवायचे, एकेक बाजूच्या बुडाखाली आणि मांडीखाली, मधे चार बोटांची फट. आईने त्यावर थोडा वेळ बसावं. आग कमी वाटली तर आपली दिशा बरोबर आहे. वाढली तर लगेच काढा आणि फोन करा, मग मी दुसरा विचार करेन.

नवी उशी सोफ्यावर ठेवायची नाही. सोफा आपणच खाली जातो, उशी तिरकी होते आणि मधली खोबण मिटते. सरळ, सपाट बैठकीची, हातांची खुर्ची घ्या. उशीने बैठक चार बोटं उंच होईल. गुडघ्यांना ते बरंच आहे, उठताना कमी जोर लागेल. पण पाय लोंबकळता कामा नयेत, नाहीतर मांड्यांच्या मागे दाब येतो आणि आई पुन्हा पुढे सरकून काठावर बसेल. पावलं पूर्ण टेकतील अशी चौकी खाली हवी, आणि उठताना त्या चौकीवर पाय ठेवून उठायचं नाही, ती आधी पायाने बाजूला सारायची. उशीचा तळ न घसरणारा आहे, तरी पहिले काही दिवस बाबा, तुम्ही जवळ थांबा. जिना विसरलेली नाही मी.

आई, आता तुझ्यासाठी थोडी दटावणी. कितीही चांगली उशी असली तरी सलग बसायचं नाही. वीस-पंचवीस मिनिटं झाली की उठायचं, दोन येरझाऱ्या, मग पुन्हा. मशीनचं काम बंद कर असं मी म्हणणार नाही, तुझा जीव त्यात आहे. पण ब्लाऊजचा अख्खा गळा एका बैठकीत संपवायचा नाही. हातशिलाई असेल तर उंच टेबलाशी उभी राहून कर, नाहीतर कुशीवर आडवी होऊन वाच, गाणी ऐक. शौचाला जोर करायचा नाही, लघवी धरून ठेवायची नाही. आणि कुणी तरी सांगितलेला तो "खालचे स्नायू आवळून धरायचा" व्यायाम फिजिओ बाई सांगेपर्यंत बंद. स्नायू आधीच आवळलेले असतील तर त्याने दुखणं वाढतं. आधी ते सैल सोडायला शिकावं लागतं. कोमट पाण्यात दहा-पंधरा मिनिटं बसलीस तर चालेल, पाणी आधी कोपराने बघ, आणि बाहेर येताना बाबांचा हात धर. लाजायचं नाही. गोळ्या मात्र आपल्या मनाने नको, तुझ्या किडनीच्या रिपोर्टचं आपल्याला माहीत आहे.

हे पुढचं बाबा, तुम्ही नीट वाचा. मांड्यांच्या आतल्या भागाला किंवा बसायच्या जागेला बधिरपणा आला, लघवी अडली किंवा लघवी-शौचावरचा ताबा गेला, पायातली ताकद कमी झाली, तर सकाळची वाट न पाहता त्याच वेळी रुग्णालयात जायचं. दुखऱ्या जागी सूज येऊन ताप आला तरी तसंच. लघवीतून किंवा शौचातून रक्त दिसलं, दुखण्याने रात्री जाग यायला लागली, वजन उतरायला लागलं, तर डॉक्टरांना लगेच दाखवायचं. यातलं काही होईल म्हणून नाही लिहीत. आई सांगणार नाही आणि तुम्ही विचारणार नाही, हीच मला काळजी आहे. रोज एकदा तिला विचारत जा, "आज कसं होतं?" आणि आई, त्यावर "ठीक" म्हणायचं नाही. कमी, जास्त की तितकंच, यातलं एक सांगायचं.

उशीने दुखणं मुळातून जाणार नाही, हेही सांगून ठेवते, म्हणजे आठवड्याभरात हिरमोड व्हायला नको. तिने एवढंच होईल की रोजचा दाब थांबेल आणि उपचारांना जागा मिळेल. अशी दुखणी हळूहळू उतरतात. पहिल्या दिवशी दहा-पंधरा मिनिटंच बसून बघ, मग वेळ वाढव. उठल्यावर कातडीवर लाल वळ दिसून ते बराच वेळ राहिले तर कळव. नाही जमली ही उशी तर परत करू, त्यात काही वाया जाणार नाही. पैशांचा विषय काढायचा नाही. माझ्या शाळेच्या त्या वर्षी तुम्ही दोघांनी काढला होता का?

दादा येईल तेव्हा उशी गाडीतच बरोबर घ्या. आई पुढच्या सीटवर, पाठ किंचित मागे रेलून, पट्टा लावून. रस्त्यात एकदा थांबून पाय मोकळे करायला मी त्याला सांगितलंय. फिजिओ बाईंनाही उशी दाखवा, त्या बैठक बघून अजून काही सुचवतील. तपासणी नाजूक असते, पण आईच्या संमतीशिवाय त्या काहीही करणार नाहीत, आणि नको वाटलं तर "आज नको" म्हणता येतं, हे मी फोनवर विचारून घेतलंय. बाबा, तुम्ही बाहेर बसा, पण आईने आत बोलावलं तर जा.

आणि हो, मशीनच्या खुर्चीची बैठक जमिनीपासून किती उंच आहे, आणि मशीनचा पायटा किती उंचीवर आहे, ते टेपने मोजून आज संध्याकाळी कळवा. चौकी त्या मापानेच करून घ्यायची आहे. अंदाजे सांगू नका बाबा, मोजा.

तुमची,
छोटी