वर्षभर शिंका येतात त्याला सर्दी म्हणू नका

संपादक महोदय, नमस्कार.

तुमच्या आरोग्य पुरवणीत धुळीच्या ॲलर्जीवर लेख आला होता, त्यात एअर प्युरिफायर घ्या, मास्क लावा, ट्रॅफिकमध्ये कमी जा असं सगळं होतं, पण गादी-उशीचं नाव नाही आणि टेस्ट कुठली करायची त्याचंही नाही, म्हणून लिहायला बसले. आमच्या बडोद्यात हा त्रास घरोघर आहे. सकाळी उठल्या उठल्या सटासट शिंका, नाकाला खाज, डोळे लाल, आणि दहा-अकरा वाजेपर्यंत माणूस बरा, मग सगळे म्हणतात थंडीची सर्दी आहे. पण ताप नाही, अंगदुखी नाही आणि वर्षभर हेच, तर ही सर्दी कशी असेल?

बऱ्याच वेळा कारण असतात डस्ट माइट. कोळ्याच्या जातीचे आठ पायांचे जीव, जेमतेम पाव मिलिमीटरच्या आसपास, चावत नाहीत, आपल्या अंगावरून गळलेल्या त्वचेच्या कोंड्यावर जगतात. त्रास होतो तो मुख्यतः त्यांच्या विष्ठेतल्या प्रोटीनचा. हॉलंडमधल्या लायडनच्या संशोधकांनी १९६४ सालीच घरातल्या धुळीचा आणि या माइटचा संबंध दाखवून दिला होता, म्हणजे माहिती काही नवी नाही, आपल्यापर्यंत पोचलीच नाही. ते कण वजनाला जड असतात, गादी हलवली की उडतात आणि थोड्या वेळात परत बसतात, त्यामुळे कोपऱ्यात महागडं मशीन चालू ठेवून फार फरक पडत नाही, नाक तर रात्रभर उशीतच असतं ना.

आता बडोद्याचं सांगते. माइट पाणी पीत नाहीत, हवेतला ओलावा ओढून घेतात, हवेतली आर्द्रता ५० टक्क्यांच्या खाली राहिली की वाळून मरतात. आपल्याकडे मे महिन्यात ते मरतातही, पण त्यांची घाण गादीतच राहते, आणि जुलै ते सप्टेंबर तर त्यांची चंगळ. त्यात २०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्री नदीचं पाणी ज्या घरांमध्ये शिरलं तिथल्या ओल धरलेल्या भिंती आठवा. आणि नेमकं गणपतीत पाहुणे आले की बॉक्स पलंगातल्या वर्षभर बंद पडलेल्या कापसाच्या गाद्या काढायच्या, तशाच अंथरायच्या, की रात्री दोन वाजता कोणाची तरी पोरं खोकत बसलीच. पाहुण्यांना पाणी बाधलं म्हणतात!

टेस्टबद्दल मला कळकळीने सांगायचंय. आमच्या सोसायटीतल्या एका मुलीची कुठल्याशा लॅबने दोनशेच्या वर वस्तूंची टेस्ट केली, भरपूर पैसे घेतले आणि दूध, गहू, शेंगदाणे सगळं बंद करायला सांगितलं, पोरगी वाळली, शिंका तशाच. त्या रिपोर्टमध्ये आयजीजी (रक्तातल्या अँटिबॉडीचा एक प्रकार) मोजलं होतं, ते तर आपण जे रोज खातो त्याचं वाढलेलं दिसणारच, त्यावरून ॲलर्जी ठरत नाही. ठरते ती आयजीई या दुसऱ्या प्रकारच्या अँटिबॉडीवरून. एक तर त्या ठराविक वस्तूचं आयजीई रक्तात बघायचं, नाहीतर स्किन प्रिक टेस्ट, हातावर थेंब टाकून हलकं टोचतात, पंधरा-वीस मिनिटांत पुळी उठते की नाही ते दिसतं. कंट्रोलपेक्षा, म्हणजे तुलनेसाठी टाकलेल्या नुसत्या सलाइनच्या थेंबापेक्षा, किमान ३ मिलिमीटर मोठी उठली तर पॉझिटिव्ह. पण नुसत्या पॉझिटिव्हवर पण थांबू नये, कारण काहींना टेस्ट पॉझिटिव्ह येते आणि त्रास काहीच नसतो, त्यामुळे त्रास कधी होतो, कुठल्या खोलीत होतो हे विचारणारा डॉक्टर हवा.

औषधाचं म्हणाल तर मेडिकलवाल्याकडून लिवोसेट्रीझिन-माँटेलुकास्ट या ॲलर्जीच्या गोळ्यांची पट्टी आणून महिनोन्‌महिने घेणारे मी किती बघितलेत. माँटेलुकास्टवर अमेरिकेच्या एफडीएने (तिथली औषधांवर नियंत्रण ठेवणारी सरकारी संस्था) मार्च २०२० मध्ये सगळ्यात कडक इशारा टाकलाय, झोप बिघडणं, चिडचिड, निराशा, आत्महत्येचे विचार सुद्धा, आणि नाकाच्या साध्या ॲलर्जीला दुसरी औषधं चालत नसतील तरच द्या असं सांगितलंय. लहान मुलांच्या आईबापांना हे कोणी सांगतं का? नाक सारखं बंद असेल तर स्टिरॉइडचा नाकाचा स्प्रे जास्त उपयोगी, पण लोक स्टिरॉइड ऐकूनच घाबरतात, नाहीतर दोन दिवस मारून "काही होत नाही" म्हणून फेकतात. त्याला एक-दोन आठवडे रोज द्यावे लागतात, आणि नळीचं टोक मधल्या पडद्याकडे नाही, बाहेर कानाकडे धरायचं, नाहीतर रक्त येतं. नाक झटक्यात मोकळं करणारे ते थेंब मात्र तीन-चार दिवसांच्या वर नकोच, नंतर त्यांनीच नाक बंद होतं. छातीत घरघर असेल तर इनहेलरला नाही म्हणू नका, लग्नाच्या मुलींची इनहेलर लपवून ठेवणारी घरं माझ्या ओळखीत आहेत आणि मला फार वाईट वाटतं.

घरात काय करायचं? चादरी, उशांचे अभ्रे दर आठवड्याला ५५ ते ६० डिग्रीच्या गरम पाण्यात धुवा, उशी-गादीला माइट आत-बाहेर होणार नाहीत असं घट्ट विणीचं झिपवालं कव्हर घाला. कापडी खेळणी धुता येत नसतील तर पिशवीत बांधून रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवा आणि मग झटका. गाद्या गच्चीवर कडक उन्हात टाका, पण झोडपायचं काम ज्याला ॲलर्जी आहे त्याने करू नये. धूप-कापूर लावून माइट जात नाहीत, दम्याच्या माणसाला धुराचा त्रासच होतो. आणि हे सगळं एकत्र करावं लागतं, एकटं कव्हर घालून फारसा उपयोग होत नाही.

इतकं करूनही भागलं नाही तर इम्युनोथेरपी आहे, म्हणजे ज्याची ॲलर्जी तेच थोडं थोडं देऊन शरीराला सवय लावायची, इंजेक्शन किंवा जिभेखालचं औषध, तीन ते पाच वर्षं चालतं. इंजेक्शननंतर अर्धा तास दवाखान्यात बसवून ठेवणाऱ्या डॉक्टरकडेच घ्या, कारण क्वचित जोरात रिॲक्शन येते, आणि दमा आटोक्यात नसेल तर सुरूच करू नये.

माझी विनंती अशी की पुढच्या पुरवणीत एखाद्या ॲलर्जीच्या डॉक्टरांकडून टेस्टबद्दल सविस्तर छापा, आणि टेस्टच्या पाच-सात दिवस आधी सेट्रीझिनसारख्या गोळ्या डॉक्टरांना विचारून थांबवाव्या लागतात हे त्यात ठळक छापा, नाहीतर ॲलर्जी असून टेस्ट निगेटिव्ह येते आणि लोक परत त्याच पट्टीकडे वळतात.

आपली एक वाचक,
कारेलीबाग, बडोदा