बाबांची खिडकी आणि चिऊचा अभ्यास

वरळी, रविवार रात्र

ती. आई आणि बाबा,

साष्टांग नमस्कार.

काल फोनवर चिऊने सगळं सांगून टाकलं. मला ते तुम्ही गावाहून आल्यावर, सकाळच्या चहाला बसल्यावर सांगायचं होतं. बाबा, तुम्ही नुसतं "बरं" म्हणालात आणि फोन आईकडे दिलात. ते "बरं" माझ्या डोक्यातून जाईना, म्हणून लिहायला बसलो. फोनवर मला धड बोलता येत नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे.

हो, खिडकीची खोली मुलांच्या अभ्यासाला दिली. तुमचा पलंग मोठ्या बेडरूममध्ये नेला. आम्ही दोघं हॉलमध्ये झोपतो. न विचारता केलं, ही माझी चूक. पण विचारलं असतं तर तुम्ही लगेच "कर की" म्हणाला असतात आणि स्वतःचं अंथरूण हॉलमध्ये टाकलं असतं. तेच मला नको होतं.

मोठ्या खोलीला लागून संडास-बाथरूम आहे. रात्री तीन-तीनदा उठून अंधारात हॉल ओलांडायला नको. आई, जानेवारीत बाबा सोफ्याला अडखळून पडता पडता वाचले. "तिला सांगू नकोस" म्हणाले होते, आज सांगतोय. कमोडशेजारी धरायला स्टीलचा दांडा लावला आहे, पलंगापासून दारापर्यंत छोटा दिवा रात्रभर राहील. तुझी कापसाची गादी दोन दिवस उन्हात टाकली. पंख्याचा रेग्युलेटर तीनवर, बाबांना चालतो तसा. रेडिओ उशाशी आहे. देव जागचे हलवलेले नाहीत, हे आधीच सांगायला हवं होतं.

आणि बाबा, तुमची आरामखुर्ची खिडकीतच आहे. खाली आपल्या जुन्या चाळी दिसतात, त्या पाडल्या जात नाहीत तोवर तुम्हाला रोज बघायच्या असतात, हे मला न सांगताही कळतं. दिवसभर खोली तुमचीच. मुलं शाळेतून, क्लासमधून येणार संध्याकाळी.

चिऊचं यंदा दहावीचं वर्ष. ती स्वयंपाकघराच्या ओट्याशी उभी राहून गणितं सोडवायची. कुकरची शिट्टी, टीव्ही, बाळूचं पाढे म्हणणं, सगळं एकाच ठिकाणी. एकदा वहीवर आमटी सांडली तेव्हा ती रडली नाही, चिडली नाही, गपचूप पान फाडून पुन्हा लिहायला बसली. ते मला सहन झालं नाही. मला आपली चाळ आठवली. १६० चौरस फुटांत आपण सात जण, आणि मी पॅसेजमधल्या दिव्याखाली. दोन्ही बाजूंना दहा-दहा खोल्या, येणारा-जाणारा माझे पाय ओलांडून जायचा. बाबा, तुम्ही रात्रपाळीला निघताना माझ्या दप्तरात मेणबत्ती आणि काडेपेटी ठेवायचात, दिवे गेले तर म्हणून. आई, तू मध्यरात्री दार किलकिलं करून बघायचीस आणि काही न बोलता पायांवर गोधडी टाकायचीस. आता चाळीच्या बदल्यात नव्या इमारतीत ५०० चौरस फूट मिळालेत. तरीही पोरीने ओट्याशी उभं राहून अभ्यास करावा?

आता टेबलाचं सांगतो. चाळीतली खोली सोडताना बाबांनी माळ्याच्या दोन सागवानी फळ्या टॅक्सीच्या कॅरिअरवर बांधून आणल्या होत्या. "कशाला हे ओझं" असं मीच म्हणालो होतो. त्या फळ्या जोडून टेबल केलं. पाच फूट लांब, वीस इंच रुंद, भिंतीला लोखंडी अँगल मारून बसवलं. सुतार दोन्ही बाजूंनी रंधा मारायला निघाला होता. फळी उलटी केली तर खालच्या अंगाला निळ्या पेन्सिलीने माझा दहावीचा बैठक क्रमांक. बाबा, तुमचं अक्षर, आकडे कसे उजवीकडे कललेले. हरवू नये म्हणून तिथे लिहून ठेवला होता ना? मी सुताराचा हात धरला. वरून गुळगुळीत केलं, पॉलिश मारलं, खालून जसं होतं तसं आहे. चिऊ टेबलाखाली शिरून टॉर्च मारून तो आकडा वाचून आली.

हिशेब विचाराल म्हणून लिहितो. सुताराचे १,५०० रुपये. दोन लाकडी खुर्च्या जोगेश्वरीला ओशिवऱ्याच्या जुन्या फर्निचरच्या बाजारातून, ९०० ला एक. टेबललॅम्प लोहार चाळीतून, ९ वॅटच्या एलईडी बल्बसकट ४५०. भिंतीला आम्हीच फिकट पिवळा डिस्टेंपर मारला, ब्रशसकट ९००. अँगल, स्क्रू आणि ड्रिल मशीनचं भाडं ७५०. वेळापत्रक, नकाशे टाचायला सॉफ्टबोर्ड ६००. सगळे मिळून ६,०००. कर्ज नाही, हप्ता नाही.

खिडकी टेबलाच्या डाव्या हाताला येते, तिथे चिऊ बसते. उजव्या हाताने लिहिताना स्वतःच्या हाताची सावली वहीवर पडत नाही. बाळू डावखुरा, त्याला उजेड उजवीकडून हवा, म्हणून लॅम्प त्याच्या उजव्या अंगाला. त्याचे पाय जमिनीला टेकत नव्हते. पाय लोंबकळले की पोर सारखं चुळबुळतं आणि आपण त्याला लक्ष नाही म्हणून ओरडतो. आई, तुझा एक जेवायचा पाट त्याच्या पायाखाली दिला आहे. देवाचा नाही, तो जपून ठेवलाय. पाट दिल्यापासून बाळू अर्धा तास जागेवर बसतो. पुस्तकांचं शेल्फ भिंतीपासून दोन बोटं सुटं ठेवलंय. पावसात समुद्राकडून ओल येते, चिकटून ठेवलं तर पुस्तकांना बुरशी धरेल.

आता ऐका. बाबा, आंबे काढायला झेला घेऊन झाडाखाली जायचं नाही. शेजारच्या पोराला सांगा, त्याला चार आंबे द्या. बीपीची गोळी सकाळीच, "आज बरं वाटतंय" म्हणून चुकवायची नाही. आई, फणसाचे गरे दोन, तिसरा नाही. विहिरीचं पाणी शेंदायला गेलीस हे मला ताईकडून कळलंय. यापुढे नाही. रात्री अंगणात जाताना बॅटरी आणि चप्पल, दोन्ही.

३१ मेची कुडाळहून तुतारी एक्स्प्रेसची तिकिटं काढली आहेत, दोन्ही खालचे बर्थ. सकाळी दादरला मी प्लॅटफॉर्मवर असेन. डबा थांबेपर्यंत उठायचं नाही. आमसुलं, तांदूळ, काहीही वाहून आणायचं नाही, फार तर बाळूसाठी थोडा आंबापोळीचा तुकडा.

बाबा, खोली बघून काही खटकलं तर मला सरळ सांगा. पलंग परत तिथे लावायला मला एक दुपार पुरे, टेबल भिंतीलाच आहे, जागा होईल. तुम्ही सगळ्यांसमोर हो म्हणायचं आणि आत जाऊन गप्प बसायचं, तेवढं नको. चिऊला तिचा बैठक क्रमांक मिळाला की तो माझ्या शेजारी तुमच्याच हाताने लिहून हवा आहे. तिने निळी पेन्सिल आणून ड्रॉवरमध्ये ठेवली आहे.

तुमचा,
बाबू

ता. क. आई, बाबांचा चष्मा तुझ्या शिवणाच्या डब्यात राहिला होता, तो सापडला. इथे येईपर्यंत जुन्यावर पेपर वाचू नका म्हणावं, डोकं दुखतं.