मगरीची दुसरी गोष्ट पण छापा ना

मा. संपादक महोदय,
स.न.वि.वि.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत मुलांच्या पानावर माकड आणि मगरीची गोष्ट परत आली, ते बघून हे पत्र लिहायला बसले. परत म्हणतेय कारण गेल्या पाच-सहा वर्षांत ही तिसरी वेळ असेल. गोष्टीशी माझं भांडण नाहीये, मी स्वतः ती नातवाला निदान पन्नास वेळा सांगितली असेल, माकडाचं काळीज झाडावर राहिलं म्हटल्यावर तो दर वेळी तितकाच हसतो. पण ती सांगून मी काय करून ठेवलंय ते उत्तरायणाच्या दोन दिवस आधी कळलं.

आम्ही इथे बडोद्यात कमाटीबागेत गेलो होतो, मी, नातू आणि खालच्या मजल्यावरची गुजराती शेजाऱ्यांची मुलगी, दोघं एकाच वर्गात आहेत. काळ्या घोड्याजवळच्या पुलावर पाचपन्नास माणसं खाली वाकून बघत होती म्हणून आम्हीही थांबलो. विश्वामित्री नदीच्या काठावर चिखलात एक मोठी मगर ऊन खात पडलेली, तोंड उघडं. आणि आमच्या चिरंजीवांनी कधी खडा उचलला मला कळलंच नाही, फेकला, तो पाण्यात पडला, मगर हलली पण नाही. वर मलाच सांगतो, आजी, ती लबाड आहे ना, तोंड उघडून बसलीय बघ खायला. गोष्टीतलं माकड तिला जांभळं टाकतं आणि आमचे हे दगड टाकतायत.

त्याच वेळी ती शेजारची पोरगी हात जोडून डोळे मिटून उभी! मी विचारलं तर म्हणाली, बा म्हणते हे खोडियार माताजीचं वाहन आहे. तिच्या बाने तिला गोष्ट सांगितलेली, की भावाला साप चावला, बहीण अमृत आणायला गेली, येताना पाय दुखावला आणि मग मगरीवर बसून आली. म्हणजे मगर एकच, पूल एकच, दोघांचं वय पण एकच, नुसती घरातली गोष्ट वेगळी. एकाच्या हातात दगड, दुसरीचे हात जोडलेले. मला खरंच कानकोंडं झालं, कारण दगड मीच दिला होता की हो त्याच्या हातात.

तसं बघायला गेलं तर आपल्या भाषेतच मगरीला कोणी चांगलं म्हटलेलं नाही. खोटं रडणं म्हणजे नक्राश्रू. गजेंद्राचा पाय धरणारा नक्रच. आणि गरज पडली की सुसरबाई तुझी पाठ मऊ, आता ती पाठ काही मऊबिऊ नसते, कातड्याखाली हाडांच्या ढाली असतात, पण म्हण आहे खरी. या सगळ्यावर वाढलेली पोरं मोठी होऊन सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर काय लिहिणार? 2024 च्या ऑगस्टमधल्या पुरात हेच झालं. घराघरात पाणी, त्यात मगरी आल्या, 27 ते 29 ऑगस्टच्या तीन दिवसांत वस्तीतून 24 मगरी पकडल्या, दोन फुटांच्या पिल्लापासून ते 14 फुटांच्या धुडापर्यंत. आमच्या ग्रुपवर लगेच सुरू, या सगळ्या मगरी उचला आणि कुठेतरी लांब नेऊन टाका. अरे पण नदी तिची आहे, पूरक्षेत्रात बिल्डिंगा आपण बांधल्या, ती काय आपल्या पार्किंगमध्ये हौसेने आली होती का? त्याच दिवसांत दोन पोरं मगरीला स्कूटरवर आडवी धरून वनखात्याच्या ऑफिसात घेऊन चाललेली तो व्हिडिओ सगळ्यांनीच पाहिला असेल. डोळ्यांवर ओलं गोणपाट टाकलं की ती बरीच शांत होते, आणि जबडा मिटताना जबरदस्त ताकद असली तरी उघडायची ताकद एवढी कमी की टेपने बांधता येतो. त्या पोरांना लहानपणी कोणती गोष्ट सांगितली होती ते विचारायला हवं एकदा.

आता कोणी म्हणेल मग मगर गोड दाखवा, कार्टूनसारखी हसरी. नको हो! ते तर जास्त वाईट. मगर काही मनीमाऊ नाही, माणसं मरतात तिच्या हल्ल्यात. नातवाने दगड मारू नये एवढंच नाही, काठावर उतरूही नये. हात जोडून पण सगळं होत नाही, हात जोडणारेच निर्माल्याची प्लॅस्टिकची पिशवी नदीत सोडतात, ते बघतेच आहे की मी इतकी वर्षं.

मी काय केलं तर त्याला दुसरी गोष्ट सांगायला लागले, खरी. तोंड उघडं ठेवते ते खायला नाही, अंग फार तापू नये म्हणून. मादी काठावरच्या मातीत खड्डा करून पंचवीस-तीस अंडी घालते, साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये, आणि तिथेच आसपास राहून राखण करते. पावसाच्या तोंडाला पिल्लं आतून आवाज देतात, मग ती माती उकरते आणि त्यांना जबड्यात धरून पाण्यात नेऊन सोडते. त्याच जबड्यात! हे ऐकून नातू गप्प झाला, मग विचारतो, दात लागत नाहीत? म्हटलं नाही लागत. पोरगं ते चावणं आणि न चावणं स्वतःच्या बोटावर करून बघत होतं रात्री झोपेपर्यंत.

आणि हे नुसतं पोराबाळांचं नाही. 2025 मध्ये पुराच्या धड्यानंतर विश्वामित्री खोल-रुंद करायचं काम निघालं, गरजेचंच होतं, नाही म्हणत नाही. पण सुरू झालं मार्चमध्ये, म्हणजे नेमकं अंड्यांच्या दिवसांत. काठ उकरताना आत घरटं असू शकतं हे ज्याला लहानपणी कोणी सांगितलंय तो तरी मशीन लावायच्या आधी एकदा वाकून बघेल ना.

तर विनंती एवढीच की माकडाची गोष्ट छापा, खुशाल छापा, पण शेजारी चार ओळी खऱ्या मगरीच्या पण द्या, आणि ते हिरवं दात विचकणारं चित्र बदला, आपल्या नदीतली मगर मातकट असते. बडोद्यातल्या मुलांना तर पुलावर जाऊन पडताळता येईल.

आमच्याकडे आता जुनी गोष्ट जरा बदललीय. काळीज मागणारी मगरीची बायको नातवाच्या मते अंडी राखत बसली होती, तिला शिकारीला जाता येत नव्हतं म्हणून भूक लागलेली. मी म्हटलं म्हणून काय माकडाचं काळीज खायचं? तर म्हणतो, नाही, तिने मासा मागायला पाहिजे होता, मगरच बावळट, त्याने नीट ऐकलं नसेल.

आपली नम्र,
एक वाचक आजी
दांडिया बाजार, बडोदा